काळकोटाचा दरवाजा

अमरावतीला रंगरेज गुलाम नबी यांच्या दुकानामागं एक पडवी होती. पुढं रंगाच्या नांदी, दोरीवर वाळत घातलेली लुगडी आणि पागोटी. मागं ही पडवी. श्रावण लागला की दुपारी जेवणं आटोपून तीन माणसं तिथं पट पसरून बसत. पट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं सोंगट्यांचा पट येईल, पण तो नव्हे. चार हात लांबीचं मांजरपाट निळीत बुडवून बुडवून काळपट केलेलं, आणि त्यावर नबीभाईनं पांढऱ्या-तांबड्या रंगानं एक अख्खं राज्य काढलेलं. डोंगर, दऱ्या, एक तळं, आणि मधोमध कोट. त्याचं नाव काळकोट.

काळकोटाची गोष्ट नबीभाईच्या आजोबांकडून आलेली. फार जुन्या जमान्यात तिथल्या राजानं मरण नको म्हणून आपल्या राज्याचा सूर्य एका मांत्रिकाला देऊन टाकला. तेव्हापासून राजा मरेना आणि मुलखात उजाडेना. दरीत मेलेले शिपाई पहारा देतात, झाडं वाटसरूंच्या घरच्यांच्या आवाजात हाका मारतात, तळ्यात माणसांची नावं बुडालेली आहेत. या गोष्टीचा नबीभाईनं खेळ केला होता. त्यात घरं नव्हती, आखलेली वाट नव्हती. ज्याला जिकडं वाटेल तिकडं त्यानं जावं, सात कवड्या फेकाव्या, आणि किती उताण्या पडल्या त्यावर पुढं काय ते ठरावं. प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं आणि ते वर्षानुवर्षं चालवायचं. राहिलेलं सगळं जग, म्हणजे भुतं, नावाडी, वेताळ, म्हातारी जादूगारीण आणि तो न मरणारा राजा, एकटे नबीभाई बोलत. आणि असं बोलत की भर दुपारी अंगावर काटा यावा.

खेळणारे दोघं. एक खुशालराव, म्हणजे आपले खुशालबुवा कीर्तनकार. त्यांचं सोंग जोग्याचं, ज्याला सगळी पदं पाठ आहेत पण देवाचं नाव तेवढं आठवत नाही. दुसरा भगवंतराव. पेट्या दुरुस्त करण्याचा त्याचा धंदा. भाता फाटलेली, सूर बसलेली कसलीही पेटी आणा, चार दिवसांत गाती करून देई. आणि दहा वर्षं खुशालबुवांच्या मागं पेटीला तोच बसे. पटावर तो मशालजी होता. मशाल घेऊन पुढं चालायचं आणि दुसऱ्यांना वाट दाखवायची. स्वभावानं भिडस्त माणूस. चारचौघांत त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे, पण मशालजी झाला की वेताळालाही दोन गोष्टी सुनावी. बुवा हसून म्हणत, नबीभाई, या गड्याला पटावरच राहू द्या, घरी पाठवू नका.

आता त्या दरवाजाची हकीकत सांगायला हवी, कारण सगळं तिथंच घडलं.

सन साठच्या श्रावणात, पाच वर्षं दऱ्याखोऱ्यांत भटकून, जोगी आणि मशालजी एकदाचे काळकोटाच्या मोठ्या दरवाजाशी पोचले. नबीभाईनं कवड्या बाजूला सारल्या. म्हणाले, इथं कवडी चालत नाही. हा दरवाजा लाच घेत नाही, तलवारीला भीत नाही. जी गोष्ट आजवर कुणालाच सांगितली नाही ती खरी गोष्ट दरवाजाला सांगायची, तरच तो उघडतो. आणि मग त्यांच्या नेहमीच्या आवाजात पुढं म्हणाले, "पटावरचं पटावर राहीन. ही माही जबान हाय. तुमची?"

दोघांनी पटावर हात ठेवून जबान दिली.

आधी बुवा बोलले. बराच वेळ पागोट्याच्या शेवाशी चाळा करत बसले आणि मग जोग्याच्या सोंगातच म्हणाले, की दोन वर्षं झाली, कीर्तनाला उभं राहिलं की आत काहीच हलत नाही. लोक रडतात, मी त्यांचे चेहरे मोजतो. भगवंतरावाला ते ऐकून भडभडून आलं. ज्या माणसाच्या तोंडून पद ऐकताना आपण कितीदा पेटीवर टिपं गाळली, त्याच्या आत असा कोरडा आड असावा? त्यानं ते मनात ठेवलं, आणि पुढं जे झालं त्यानंतरही कधी कुणाला सांगितलं नाही.

मग मशालजीची पाळी आली.

भगवंतरावाचा थोरला भाऊ रामराव पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं, गेला होता. पंधरा वर्षांमागची गोष्ट. मृगाच्या तोंडावर दोघं भाऊ तिवश्याकडच्या शेतात पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, धसकटं वेचायला गेले, झोपडीतच मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी पहाटे रामरावाला लागली. उन्हं वर येईस्तोवर त्याचे डोळे खोल गेले. त्या काळी घराघरात हे ठाऊक होतं की पटकीवाल्याला शिवलं की आपण गेलो. भगवंता तेव्हा वीस वर्षांचा. घरी सगळ्यांना माहीत होती ती गोष्ट अशी, की तो अनवाणी वैद्याकडं धावला, वैद्य भेटला नाही, तसाच परत आला, भावाचं डोकं मांडीवर घेतलं, शेवटचं पाणी त्याच्या तोंडात घातलं आणि रामरावानं शांतपणे डोळे मिटले. या एका घोटावर रामरावाची बायको दुर्गाबाई जगत आली होती. तिला लेकरू नव्हतं. दिराच्याच घरी राहिली, जाऊ मनकर्णा आणि ती एका चुलीवर स्वयंपाक करत. दर एकादशीला देवापुढं दिवा लावला की ती म्हणे, माझ्या नशिबात काही नसो, पण माझा माणूस तहानलेला गेला नाही.

पटावर हात ठेवून मशालजीनं खरं सांगितलं. तो वैद्याकडं गेलाच नव्हता. भाऊ पाणी मागत होता आणि याला त्याच्याजवळ जाववेना. भावाला मी इथंच आहे असं वाटावं म्हणून यानं आपल्या वहाणा झोपडीच्या दारात काढून ठेवल्या, तोंड आत करून, आणि उलट्या पावली बाहेर पडला. तापल्या काळ्या मातीतून, धसकटांतून अनवाणी पळाला. दिवसभर दूरच्या विहिरीवर एका झाडाखाली बसून राहिला. सांजेला चार माणसं घेऊन परतला तेव्हा रामराव दाराकडं तोंड करून पडला होता. भगवंताच्या भाजलेल्या पायांना दुर्गाबाईनं महिनाभर खोबरेल चोळलं. माझ्या माणसासाठी यानं पाय जाळून घेतले, असं ती गावाला सांगत राहिली आणि हा ऐकत राहिला.

नबीभाईनं डोळे पुसले आणि दरवाजाचा आवाज काढला, कुरकुर करत उघडण्याचा. म्हणाले, "जा मशालजी. तुयासाठी दरवाजा उघडा हाय." भगवंतराव त्या दिवशी घरी गेला आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा दुपारचा गाढ झोपला.

पुढच्या आषाढात खुशालबुवांना अकोल्याला सप्ताहाचं बोलावणं आलं. भगवंतरावाला नेमका हिवताप. बुवांनी तिथलाच पेटीवाला घेतला. आठ दिवसांनी बुवा परतले ते एखाद्या लग्नघरातून आल्यासारखे प्रसन्न. अकोल्याहून येणारा जो तो सांगू लागला की बुवांनी एक नवंच आख्यान लावलं, काळकोटाचं, आणि मंडपात एकाचाही डोळा कोरडा राहिला नाही. भगवंतरावाला भारी आनंद झाला. नबीभाईच्या आजोबांची गोष्ट कीर्तनात गेली म्हणजे ती पावन झाली, असं त्यानं स्वतः जाऊन नबीभाईला सांगितलं. नबीभाईही सुखावले. म्हणाले, राजाचं सोंग बुवांनी बरोबर वठवलं का ते मात्र मला ऐकायला पाहिजे.

श्रावणात अमरावतीच्या देवळात बुवांचं कीर्तन ठरलं, दुपारी चारचं, बायकांना सोयीचं व्हावं म्हणून. मंडळी म्हणाली, अकोल्याचंच आख्यान हवं. बुवांनी मान डोलावली. भगवंतरावानं विचारलं की चाली कोणत्या, आधी एकदा बसू या का, तर बुवा म्हणाले, तुझ्या हाताला काय सांगायचं, मी सूर देईन, तू ये मागं. आणि हा भोळा माणूस घरी जाऊन म्हणाला, "वहिनी, आज काम ठेवा बाजूले. असं कीर्तन पुन्हा आयकाले भेटणार नाई." दुर्गाबाईचे गुडघे दुखत होते. तरी ती निघाली. दिरानं आग्रह केला म्हणून निघाली.

देऊळ गच्च भरलं होतं. नबीभाई बाहेर, ओट्याच्या कडेला निंबाखाली उभे. पूर्वरंग सुंदर झाला. मनाचं मालिन्य कसं जातं, यावर बुवा बोलले, आणि खरं सांगायचं तर तसं बोलणारा माणूस तेव्हा वऱ्हाडात दुसरा नव्हता. मध्यंतरी बुक्का लागला, हार पडला. नामाचा गजर झाला तेव्हा भिंतीसुद्धा टाळ्या वाजवताहेत असं वाटलं. कीर्तनाचं सुख ज्याला ठाऊक आहे त्याला त्या घडीची गोडी वेगळी सांगायला नको. भगवंतराव पेटीवर डोकं हलवत होता.

उत्तररंगात काळकोट आला. राजा आला, सूर्य गेला, अंधार पडला. नबीभाईनं निंबाखाली मान डोलावली. मग बुवा चिपळ्या खाली करून हळू आवाजात म्हणाले, त्या अंधारात एक मशालजी राहत होता आणि त्याला एक थोरला भाऊ होता.

भगवंतरावाचा हात सुरावरच थांबला. पेटी एकच सूर ओढत राहिली.

बुवा त्याच्याकडं वळले आणि डोळ्यांनी भीमपलास मागितला. तुम्ही कधी साथीला बसला असाल तर जाणाल. साथीदाराचा हात त्याच्या स्वाधीन नसतो. बुवांनी सूर लावला की तो द्यावाच लागतो, आणि नारदाच्या गादीपुढून आरतीआधी उठून जाणं म्हणजे देवाकडं पाठ फिरवणं. दहा वर्षं त्या हाताला हीच सवय. भगवंतरावाच्या हातानं भीमपलास दिला. भाऊ पाणी मागतो त्या जागी हातानं स्वर लांबवला. बुवांनी त्या जागी दिंडी वृत्तातलं एक पद रचलं होतं, फार देखणं. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या.

आणि मग बुवांनी वहाणा सांगितल्या. मशालजीनं दारात काढून ठेवलेल्या, तोंड आत केलेल्या, भावाला फसवण्यासाठी. अनवाणी पळाला, पाय भाजले. घरी येऊन भावजयीला म्हणाला, मी त्याला पाणी पाजलं. त्या भाबडीनं त्याच्या पायांना तेल लावलं.

भगवंतरावानं बायकांच्या बाजूला पाहिलं. शेजारच्या सगळ्या रडत होत्या. दुर्गाबाई रडत नव्हती. ती त्याच्या मांडी घातलेल्या पायांकडं बघत होती. बराच वेळ. मग तिनं नजर वर केली, त्याच्या तोंडावर ठेवली आणि तशीच ठेवली. याचे हात वाजवत होते. पुढं मशालजीला पश्चात्ताप झाला, देव भेटला, सूर्य उगवला, हे बुवांनी रंगवून रंगवून सांगितलं. त्यातला एक शब्द भगवंतरावाच्या कानात शिरला नाही. आरती झाली. लोक बुवांच्या पायांवर लोटले. दुर्गाबाई कुणाशी न बोलता एकटी घरी निघून गेली.

गर्दी ओसरल्यावर बुवा घामानं निथळत पेटीशी आले. चेहरा न्हाल्यासारखा उजळलेला. म्हणाले, भगवंता, आज तू जो सूर धरलास, असा जन्मात लागला नव्हता.

भगवंतराव म्हणाला, "बुवा, माही वहिनी बसली होती समोर."

बुवांचा चेहरा क्षणभर उतरला. मग ते सावरले. नाव घेतलं का मी कुणाचं, असं त्यांनी विचारलं. कोण्या राजाच्या काळची गोष्ट, कोण जोडणार ती तुझ्याशी? अकोल्यात एक माणूस कीर्तनातून उठून थेट अबोला धरलेल्या भावाच्या घरी गेला, हे तुला ठाऊक आहे का? तुझ्या एका पापातून देवानं किती जणांचं भलं केलं. उलट तुलाच पुण्य लागेल.

"जबान देल्ली होती तुमी."

"अरे, तो खेळ होता गड्या."

"खेळ होता म्हणून तं बोललो," भगवंतराव म्हणाला. "नाई तं मेलो असतो, बोललो नसतो."

बुवांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाले, की हे आख्यान सांगताना, तीन वर्षांनी, माझ्या आत काहीतरी हललं रे. हे सोडायला मला सांगू नकोस. दरवाजाशी ऐकलेली त्यांची गोष्ट भगवंतरावाच्या जिभेवर आली होती. देवळात अजून वीसेक माणसं होती, एका वाक्यात बुवांचं पागोटं खाली आलं असतं. त्यानं पेटीचा भाता लावला, झाकण घातलं आणि ती उचलून निघाला. त्या दिवसानंतर तो खुशालबुवांच्या मागं बसला नाही. बुवांना दुसरा पेटीवाला मिळाला. आख्यान पुढं अकोल्यात, मूर्तिजापुरात, पार नागपुरापर्यंत गाजलं.

नबीभाईनं त्याच संध्याकाळी पट काळ्या रंगाच्या नांदीत सोडला. डोंगर गेले, तळं गेलं, कोट गेला. त्यांची बायको हलीमाबी म्हणाली, एवढ्या वर्षांची मेहनत, ठेवून तरी द्यायचा होता. नबीभाई म्हणाले, जबान गेली त्या कपड्यावर आता काय खेळायचं. भगवंतराव आला तेव्हा ते नांदीशी उभं राहून काठीनं कापड दाबत होते. चूक माझी, म्हणाले, तसा दरवाजा मी ठेवायलाच नको होता. मग भगवंतराव घरी गेला, कारण घरी जाणं आता टळणार नव्हतं.

घरी सगळं होतं तसंच चाललं होतं, तेच अवघड होतं. दुर्गाबाई वेळेवर भाकरी टाकी, ताट वाढी, पण वाढताना बोलत नसे. मनकर्णानं नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, काय झालं, तर त्यानं तिलाही सगळं सांगितलं. ती धसकली. म्हणाली, आता तुम्ही आपणहून काही बोलू नका, विसरतील त्या. चौथ्या दिवशी तो पेटीच्या सूरपट्ट्या घासत बसला होता तेव्हा दुर्गाबाई दारात येऊन उभी राहिली.

"भाऊजी, पाणी मागतलं होतं का त्याईनं?"

त्यानं कानस खाली ठेवली. "हो."

"कितीदा?"

"म्या आयकलं तवा दोनदा."

ती उंबऱ्याशी खाली बसली. गुडघ्यांमुळं तिला बसायला वेळ लागला आणि उठून हात द्यायची त्याची हिंमत झाली नाही. मग ती जे बोलली ते सावकाश, निवडून निवडून बोलली.

"तुमी भेले. वीस वर्साचे होता, भेले. ते मी आज नाई तं उद्या समजून घेईन. माही सासू जिती असती तं तिनंबी तुमाले पयून जा म्हतलं असतं, कमीत कमी एक तं राह्यला. पण सोळा वर्स मी तुमच्यासमोर दिवा लावून तेच बोलत होती, अन् तुमी आयकत होता. सांगाची वेळ आली तं रंगरेजाच्या पडवीत जाऊन खेळात सांगतलं. बुवाले सांगतलं. मले चारशे बायाईत बसून आयका लागलं, अन् पेटी तुमी वाजवत होता."

भगवंतरावाला म्हणायचं होतं की मी विकला गेलो, माझाच विश्वास मोडला, माझ्याच मित्रानं. चार दिवस तो हेच मनाशी घोळवत होता आणि ते खोटंही नव्हतं. पण तिच्यापुढं ते बोलायला त्याचं तोंड वळेना. कारण ती बसली होती ती अगदी तशीच, जसा तो त्या देवळात बसला होता; कुणावर तरी पुरता भरवसा टाकून हातात काही न उरलेल्या माणसासारखी. त्यानं एवढंच म्हटलं, "मी तुमचा गुन्हेगार हावो."

"त्याईचे गुन्हेगार हा तुमी," ती म्हणाली. "माहा हिशोब नंतर पाहू."

भाद्रपद लागला. पितृपक्षात रामरावाची तिथी आली. दर वर्षी भटजी येत, भगवंतराव सोवळं नेसून पाटावर बसे, भावाच्या नावानं हातावरून पाणी सोडी, आणि दुर्गाबाई स्वयंपाकघराच्या दारातून ते डोळे भरून बघे. या वर्षीही पाट मांडला, दर्भ आले, तांब्या भरून ठेवला. भगवंतराव सोवळं नेसून आला खरा, पण पाटापाशी येऊन थांबला. भटजी म्हणाले, बसा. तो बसेना.

दुर्गाबाई आतून आली. डोक्यावरून ओली, धुतलेल्या लुगड्यात. सरळ पाटावर जाऊन बसली.

भटजी गडबडले. बाईमाणसानं पाणी सोडायची रीत नाही, घरात पुरुष असताना तर नाहीच, असं त्यांनी भगवंतरावाकडं बघून सांगितलं. मनकर्णा तोंडावर पदर धरून उभी होती. भगवंतराव म्हणाला, "सांगा मंत्र. पाणी वहिनीच सोडतीन. हक्क त्याईचाच हाय."

भटजींना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी मंत्र सुरू केला. भगवंतराव सवयीनं वाकला, तांब्या उचलला आणि तिच्यापुढं धरला.

दुर्गाबाईनं ओंजळ पुढं केली नाही. दुसरा हात लांब करून तिनं तांब्या त्याच्या हातातून काढून घेतला, आपल्या मांडीशी ठेवला, आणि आपल्याच हातानं उजव्या तळव्यावर पाणी ओतून रामरावाच्या नावानं खाली सोडलं. एकदा सोडलं. मग पुन्हा एकदा सोडलं. भटजी तिसऱ्यांदा म्हणाले, तेव्हा तिनं तांब्यातलं उरलेलं सगळं पाणी तळव्यावर रिकामं केलं. ताम्हन भरून पाणी जमिनीवर आलं, भगवंतरावाच्या पायांपर्यंत वाहत गेलं. तो मागं सरकला नाही.

"आता जेवा तुमी," ती उठताना दिराला म्हणाली. उठायला तिनं मनकर्णेचा हात धरला.